दादासाहेबांच्या डोक्याचा व्यास

खरं तर हे सांगायचं नाही, असं बाईंनी आम्हां नऊ जणींना बजावलं होतं. "मुलींनो, कोणाच्या डोक्याचं माप चारचौघांत सांगू नये!" पण आमच्या चिखलीच्या मुलींच्या शाळेत गणिताच्या तासांचे किस्से कणगीतल्या ज्वारीसारखे साठलेत. वरून कितीही झाका, खालून गळतातच!

*

मध्यक शिकवायला बाईंनी आम्हांला उंचीप्रमाणे ओळीत उभं केलं. नऊ जणींतली पाचवी मी. म्हणजे मध्यक मीच! मधे उभं राहिलं की आपल्याकडे कोणी पाहत नाही, असं मला आजवर वाटायचं. त्या दिवसापासून फळा पुसायचा असो की खडू आणायचा, सगळ्या ओरडतात, "मध्यक, जा!"

*

डोणगावची काशी मामाकडे राहून शिकते. सरासरीसाठी बाईंनी तिच्याच घरचं उदाहरण घातलं. "मामा चार भाकरी खातात, तू दोन, तान्हं बाळ एकही नाही. सरासरी किती?"

"दोन." मग बोटं मोजत काशी म्हणाली, "पण बाई, बाळाच्या वाट्याच्या दोन कोणं खाल्ल्या? त्याले त दातच नाहीत!"

*

विलायतेतल्या लढाईमुळे दुकानात कंपास मिळत नाही. काशीनं पाटीवर बांगडी ठेवून झकास वर्तुळ काढलं.

"छान! आता केंद्र दाखव."

"बांगडीले केंद्र नसते बाई, हात असते!"

*

हे सगळं शाळा-कमिटीच्या दादासाहेबांच्या कानावर गेलं. ते तरातरा वर्गात आले.

"पोरीयले कोन-बिन कायले पाह्यजेत? शिवण शिकवा! आठ दिवसांत मले एक गोल टोपी शिवून दाखवा. नाही बसली, त भूमितीचा तास बंद!"

बाईंनी खडू ठेवून शिवणाची टेप काढली. माप कोण घेणार? मागून आवाज आलाच, "मध्यक, जा!"

मी दादासाहेबांच्या डोक्याभोवती टेप गुंडाळली. "बरोबर बावीस इंच," मी हळूच वाचलं. आमच्या पुस्तकातल्या प्रत्येक वर्तुळात बावीस आणि सात असतातच. कधी तोंड न उघडणारी मी, चक्क किंचाळले, "सात!"

"काय सात? आताच त बावीस म्हणे!"

"परीघ बावीस, म्हणून व्यास सात!"

दादासाहेबांनी डोकं चाचपून पाहिलं. "मंग माह्या डोक्यातले पंधरा इंच कुठी गेले?"

*

आम्ही सात इंच व्यासाचं वर्तुळ आखलं आणि कडेनं शिलाईपुरती माया सोडून कापड कापलं. भोवती बावीस इंचांची उभी पट्टी शिवली. टोपी अशी बसली की दादासाहेबांनी मान गदागदा हलवली, पण टोपी हलली नाही!

तरी कमिटीच्या सभेत एक मेंबर म्हणालेच, "भूमिती बंदच करा." मी खिडकीतून डोकावत होते. दादासाहेबांनी नेमकं मला पाहिलं.

"ये पोरी, टेप आण! ज्याले भूमिती नको, त्याचं डोकं मोज. कितीक इंच गहाळ झाले ते पाहू!"

एक सोडून सगळ्यांचे हात पागोट्यांवर! "राहू द्या, राहू द्या! चालू द्या भूमिती!"

कमिटीत माझे बाबाही आहेत. एकट्या त्यांनीच हसत टोपी काढून डोकं पुढं केलं. मी टेप गुंडाळली, आकडा वाचला, मनात भागाकार केला, आणि बाबांचा व्यास निघाला बरोबर...

अगं बाई, आईची हाक! "इंदे! कोणाचं माप सांगून राह्यली तू? इकडं ये आधी!"