‘श्री’च्या जागी चौकोन

कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि म्हणायचं, “हितं तर बरोबर हाय!” ही आमच्या फौजींची सवय. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी साताऱ्यात एसटी स्टँडजवळ मराठी टायपिंगचं दुकान टाकलं. शेजारी माझा फोटो स्टुडिओ. असे दुकान टाकलेले फौजी तुम्हीही पाहिले असतील. पण अनुस्वार राहिला म्हणून उभं राहून गिऱ्हाइकाची माफी मागणारा मी हा एकच पाहिला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका कॉम्प्युटरवर लिहिलेलं मराठी दुसऱ्यावर उघडलं, की अक्षरं बदलायची. फाँट तोच, पण आवृत्ती नवी असली तरी एखादं जोडाक्षर गायब. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारं युनिकोड आमच्या दुकानांत आलं, तेव्हा फौजी राहिले नव्हते.

वडूजकडच्या एका गावानं आपल्या शहीद जवानांची पुस्तिका काढली. फोटो मी केले, मजकूर फौजींनी. त्यांतला एक जवान त्यांच्याच पलटणीतला. फ्लॉपी सांगलीच्या छापखान्यात गेली.

“जाऊन प्रूफ बघू या का?” मी विचारलं.

त्यांनी पडद्यावर टकटक केली.

गठ्ठे थेट प्रकाशनाच्या दिवशी सकाळी आले आणि मांडवात वाटलेही गेले. त्या जवानाची पत्नी पुढच्या रांगेत होती. तिनं फोटोवरून हात फिरवला आणि फौजींना विचारलं, “भाऊ, ह्यांचं नाव कुठं हाय?”

नावाच्या जागी एक काळा चौकोन होता. पुढं नुसतं ‘रंग’.

फौजी माइकपाशी गेले. “छापखान्याची चूक न्हाई. माझी हाय. म्या बघाय गेलो न्हाई. ह्या जवानाचं नाव...”

तेव्हा ती उठली. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, असं तिची जाऊ मला नंतर म्हणाली. डोक्यावरचा पदर सारखा करून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, “श्रीरंग.”

परतीच्या एसटीत फौजी एवढंच बोलले, “ती रागावली असती तर बरं झालं असतं, गड्या.”

मग ते सांगलीला जाऊन छापखान्यातच बसले आणि ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली. नव्या पुस्तिका आम्ही दोघांनी घरोघर दिल्या. तिच्या दारात मात्र त्यांनी मला एकट्याला पुढं धाडलं.

“आवं, भाऊंना बोलवा की. च्या टाकलाय,” ती म्हणाली.

मी हाक मारली. ते रस्त्यापलीकडं बाभळीखाली, आमच्याकडं पाठ करून उभे होते. वळले नाहीत.

तिनं त्यांचा कप बशीनं झाकून ठेवला.