पंतांच्या नावावरची गाडी

रोह्याहून नागोठण्याला जाताना भिसे खिंडीच्या अलीकडे करवंदवाडी लागते. अठ्ठावीस घरं, सगळी कातकऱ्यांची. वाडीच्या तोंडाशी जांभळाखाली एक पिकअप उभी असायची. तोंड जीपसारखं, मागे लोखंडी हौदा, रंग एकेकाळी हिरवा. गाडी बहात्तर सालची. तिच्यानंतर वाडीत आलेले दोन टेम्पो भंगारात गेले, ही मात्र पेट्रोल घातलं की चालायची.

मालक सुभाष हिलम. वाडी तसं म्हणायची आणि सुभाषही तसंच म्हणायचा. कागदावर मात्र मालक दुसराच होता.

सुभाष आता त्रेसष्ट वर्षांचा आहे. तेविसाव्या वर्षी तो रोह्याच्या मोरोपंत टिपणिसांकडे गाडीवर लागला. पंतांची भाताची खाचरं होती, आंब्याची बाग होती, आणि ही पिकअप होती. सत्त्याण्णव साली पंत रोह्याचं घर बंद करून मुलाकडे पुण्याला गेले. जाताना त्यांनी किल्ली सुभाषच्या हातावर ठेवली. "ने, सुभ्या. तुझ्याशिवाय ती कुणाचं ऐकायची नाही. सवडीने पेणला आरटीओत जाऊन नाव लावून घे."

सुभाषने नाव लावलं नाही. आळस म्हणून नव्हे, विचार करून. कातकरी माणूस स्वतःची गाडी घेऊन नाक्यावर आला की शिपाई आधी विचारायचा, "कुणाची आणलीस?" कागदावर टिपणीस आडनाव दिसलं की तोच शिपाई काठीने पुढचा रस्ता दाखवायचा. बायको विमल एकदा म्हणाली, "आपली हाय तर आपलं नाव नको काय?" सुभाष म्हणाला, "पंतांचं नाव हाय तोवर कोण अडवत नाय. आपलं लावलं की रोज उतरून उभा राहीन." त्या काळी त्याचं चुकलं असं कुणी म्हणालं नसतं.

गाडीचं खरं काम पावसाळ्यात असे. पेणजवळच्या जोह्यात गणपतीच्या मूर्ती घडतात. तिथला मूर्तिकार हैबतराव रोह्याकडचा माल सुभाषच्याच गाडीत भरायचा. टेम्पो जलद जायचे, पण मूर्तींचे हात मोडायचे. सुभाषने यावर स्वतःचा उपाय काढला होता. मागच्या स्प्रिंगांच्या थरांतला एकेक पाटा त्याने काढून टाकला. गाडी मऊ झाली. सिमेंट, वाळू या कामातून ती कायमची बाद झाली, पण गणपतीचं बोट मोडलं नाही. काढलेल्यातला एक पाटा त्याने नागोठण्याच्या लोहाराकडून ठोकून घेतला आणि विमलसाठी कोयता केला. एवढं चांगलं पोलाद वाडीत दुसऱ्या कुणाच्या कमरेला नव्हतं.

मूर्ती भरल्या की विमल मागे हौद्यात पेंढ्यात बसायची. कोयत्याची मूठ कॅबिनच्या मागच्या पत्र्यावर आपटायची. एक ठोका म्हणजे हळू. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे चल. जोह्यापासून रोह्यापर्यंत नवरा-बायकोत एवढंच बोलणं. सुभाष आरशात बघत नसे. आरशात पेंढाच दिसायचा.

बाकीचं वर्ष तो गाडीखाली असायचा. कार्ब्युरेटर खोलून पेट्रोलमध्ये धुवायचा, रेडिएटर गळला की मूठभर हळद टाकायचा. शेजारचा धोंडी एकदा म्हणाला, "सुभ्या, बायकोपेक्षा हिच्याच पोटाखाली जास्त झोपलास रं."

विमल चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "व्हय, नि उठताना मलाच हाका मारतो, हात दे म्हणून."

विमल जाऊन चार वर्षं झाली. ताप आला आणि आठवड्यात संपलं. त्या वर्षीही सुभाषने मूर्ती आणल्या. मागे कुणी नव्हतं. 'हळू' सांगणारं कुणी नाही म्हणून त्याने सगळा रस्ता विसाच्या वेगाने काढला. पुढची वर्षंही तसंच. मागच्या गाड्या हॉर्न मारून शिव्या देत पुढे जायच्या. तो कान देत नसे. इंजिनाच्या आवाजापलीकडे तो दुसरंच काही ऐकत असायचा, आणि ते येत नव्हतं.

मुलगा प्रदीप धाटावला कंपनीत आहे, तिथेच खोली करून राहतो. सुट्टीला आला की म्हणायचा, "बाबा, ते डबडं सोड आता. माझ्याकडं चल." सुभाष म्हणायचा, "शिफ्टला जाशील तू. मग मी तिथं कुणाशी बोलू?" प्रदीप विचारायचा, "इथं कुणाशी बोलतोस?" यावर सुभाष फडकं घेऊन उठायचा.

गेल्या वर्षी गाडीच्या नोंदणीची मुदत संपली. पेणच्या एजंटाने कागद पाहिला आणि मोरोपंत कुठे आहेत ते विचारलं. पंत वारून अकरा वर्षं झाली होती. "मग वारसाची सही आणा. नाहीतर गाडी रस्त्यावर काढू नका." मूर्ती आणायचा जुलै दोन महिन्यांवर आला होता. हैबतरावाने एकवीस मूर्ती बाजूला ठेवल्या होत्या.

प्रदीपने कुठूनसा नंबर मिळवला आणि सुभाषने पुण्याला पंतांच्या नातवाला, अनयला, फोन लावला. सहीचं सांगितलं.

"आजोबांची पिकअप? अजून आहे?"

"हाय ना."

"चालते?"

"चालते म्हंजे? काल नागोठण्याला जाऊन आलो."

अनयने हाच प्रश्न आणखी दोनदा विचारला. फोन ठेवताना सुभाष खुशीत होता. एवढ्या आपुलकीने गाडीची चौकशी आजवर कुणी केली नव्हती.

रविवारी अनय आणि त्याची बहीण अंतरा वाडीत आले. अनय चांगला माणूस होता, हे सुभाष आजही सांगतो. त्याने बोनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाला, "काका, सही मी देतो. आत्ता देतो. पण मी चौकशी केलीय. तपासणीत ही उभी राहणार नाही. मागचे पाटेच नाहीत. नापास झाली की भंगार. माझ्याकडे आली तर विंटेज म्हणून नाव लागेल. पाटे, रंग, सगळं पहिल्यासारखं करून घेईन. शेडमध्ये राहील."

"चालवणार नाय?"

"वर्षातून एखाद्या रॅलीला. अशा गाडीला रोज फिरायला परवानगी नसते. पैसे मी देणारच आहे, तुम्ही म्हणाल तेवढे."

"तुम्ही नको म्हणालात तर नेणार नाही," अंतरा म्हणाली. तीही मनापासून म्हणाली.

सुभाषने गाडीभोवती एक फेरी मारली. पाटे परत बसवता आले असते. पण एक विमलच्या कोयत्यात गेला होता, आणि पाटे बसवलेली गाडी मूर्तींच्या उपयोगाची राहिली नसती. मऊ ठेवावी तर भंगार, कडक करावी तर बिनकामाची. तो म्हणाला, "शेडमध्ये उंदीर येतात. वायरी खातात. तेवढं बघा."

पुढच्या रविवारी गाडी न्यायचं ठरलं. वाडीच्या वाटेवर गाड्या वाहून नेणारा मोठा कॅरियर शिरत नव्हता. म्हणून पेणपर्यंत ती चालवत न्यायची आणि तिथून कॅरियरवर चढवायची. कागदपत्रं अनयने आधीच पुरी केली होती. आजोबांचं नाव, वारसांच्या सह्या. सुभाषची सही कुठेच लागली नाही. अठ्ठावीस वर्षांत त्याचं नाव त्या गाडीला कुठेच चिकटलं नव्हतं.

चालवायची हौस अनयला होती. त्याने इंजिन फिरवून चालू करायचं हँडल हातात घेतलं. "दादा, अंगठा वेटाळू नका," सुभाष म्हणाला. "उलटं फिरलं तर मोडंल. बोटांच्या बाजूलाच ठेवा." तिसऱ्या फटक्याला इंजिन लागलं. "ब्रेक तीनदा दाबायचा. पहिल्या दोन टायमाला ती ऐकत नाय." अंतरा हसली. कॅबिनमध्ये दोनच सीट. ती उतरू लागली तसा सुभाष म्हणाला, "बसा ताई. मी मागं बसतो."

तो त्या हौद्यात मूर्ती ठेवायला, पेंढा झाडायला शेकडो वेळा चढला होता. चालत्या गाडीत बसला नव्हता कधी. खिंडीच्या वळणावर त्याला कळलं की मागे धरायला काही नाही. धुराचा लोट वळून थेट तोंडावर येतो. पाटे काढूनही दणका मणक्यातून डोक्यापर्यंत जातो. विमल तेवीस पावसाळे अशी बसली होती, दोन्ही हातांनी मूर्ती धरून. रोह्याला उतरल्यावर ती कमरेवर हात ठेवून जरा वेळ उभी राहायची. त्याला वाटायचं, मूर्ती मोजतेय.

नागोठण्याच्या पुढे रस्ता उखडलेला होता. अनय चाळीसने चालला होता. सुभाषने कमरेला मागे बांधलेल्या आकडीतला विमलचा कोयता काढला आणि मुठीने पत्र्यावर एक ठोका दिला. वेग तोच राहिला. जरा थांबून त्याने दोन दिले. मागच्या काचेतून अंतराचा हात दिसला. तिने वळून अंगठा वर केला, हसली आणि पुन्हा समोर बघू लागली.

त्याने कोयता आकडीत परत अडकवला आणि पेणपर्यंत हात टेकून बसून राहिला.

पेणला कॅरियर तयार होता. अनयने घाम पुसत विचारलं, "काका, मागून ठोकत होतात का? काही हवं होतं?"

"नाय. असंच."

"सवय?"

सुभाषने मान हलवली. सवय ठोकायची विमलची होती. त्याची ऐकायची.

गाडी वर चढली, चाकांना पट्टे पडले. सुट्या भागांचं पोतं त्याने आदल्या दिवशीच बांधून दिलं होतं, त्यात जुना कार्ब्युरेटर होता, दोन बेअरिंगं होती, आरशाची चौकट होती. अनयने पोतं उघडून पाहिलं. "गाडीचं मूळचं आणखी काही राहिलंय का तुमच्याकडे? रिस्टोअर करताना लागतं."

कोयता सुभाषच्या कमरेला मागे होता, सदऱ्याखाली.

"नाय," तो म्हणाला. "सगळं दिलं."

रोह्याची एसटी पाऊण तासाने होती. स्टँडवर गर्दी नव्हती. गाडी लागली तेव्हा तो आत गेला आणि सगळ्या जागा रिकाम्या असताना मागच्या बाकावर बसला. कंडक्टर तिकीट फाडायला आला. "बाबा, पुढं बसा की. मागं दणके बसतात."

"ठाव हाय," सुभाष म्हणाला, आणि तिथंच बसून राहिला.