बसवणाऱ्यानं मागायचं नाही

वाईच्या पुढं डोंगराकडंला आमचं गाव. तिथनं मी निघालो तेव्हा धाकटा भाऊ शिवा गाडीचं दार धरून उभा होता. "पोरीच्या दारात म्हातारपण काढणार व्हय दादा?" म्हणाला. त्याची बायको मंगल त्याला गप बसवत होती आणि स्वतःच रडत होती. मी काच वर केली. बायको जाऊन महिना झालेला. ताटं दोन काढायची सवय मोडत नव्हती, म्हणून निघालो. दुसरं कारण नाही.

गावात राहिलेल्यांना वाटतं, म्हातारा सांगलीत मजेत आहे. लिफ्ट, फिल्टरचं पाणी. जे माझ्यासारखे पोरांकडं राहायला गेलेत त्यांना विचारा. दिवसभर बोलायला एक वॉचमन.

माझी पोरगी वैशाली किडनी बसवणारी डॉक्टर. किडनी आणि स्वादुपिंड, दोन्ही. आधी डॉक्टर झाली, मग सर्जन, मग किडनीसाठी चेन्नई, मग स्वादुपिंडासाठी परदेश. तिची आई म्हणायची, "आगं, माणसाच्या पोटात आनि किती सामान हाय? तुझं शिकून संपतंय कवा?" शिकून संपलं, पोरगी सांगलीला लागली, आणि आईच गेली. साखरेनं किडन्या खाल्ल्या. माझी जुळली नाही, पोरीची तिनं घेतली नाही. यादीत नाव लावून डायलिसिसवर वाट बघत राहिली. फोन वाजला की उठून बसायची. साताऱ्याला तिला एसटीनं न्यायची-आणायची ती मंगलच, 'आक्का, आक्का' करत.

यंदा शिवाचा विक्रम शिरवळच्या कंपनीतनं मोटारसायकलवर घरी येताना हायवेला पडला. साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं, मेंदू मेला, श्वास मशीनचा आहे. तिथल्या एका बाईनं अवयव देता का म्हणून विचारलं. शिवानं मला फोन केला. "दादा, वैशालीला इचार. ती म्हणंल तसं करतो."

वैशाली ओट्याशी उभी होती. तिला बातमी आधीच कळलेली, डोळे सुजलेले. "आबा, मला विचारू नका. बसवणाऱ्यानं मागायचं नाही, आमचा नियम आहे."

"बापाला नियम शिकवतीस? सख्खा चुलता हाय तुझा!"

"विक्रमला मी कडेवर खेळवलंय आबा. पण आत्ता मी तिथं गेले तर काकी मला त्याची बहीण म्हणून बघणार नाही, डॉक्टर म्हणून बघेल."

मला राग आला. पुढ्यातलं ताट सरकवलं आणि एसटी धरली. माझं ठरलं होतं. जाऊन सांगायचं, द्या. माझ्या बायकोसारखं कुणीतरी फोनकडं बघत बसलं असेल.

विक्रमची छाती वरखाली होत होती. मंगल त्याचा पाय धरून बसलेली. "भावजी, पाय गरम हाय की." मग तिनं माझ्याकडं बघितलं. असं कधी बघितलं नव्हतं तिनं. "पोरीनं धाडलं व्हय तुमास्नी? तिला पायजेल?"

कानाखाली बसल्यासारखं झालं. पोरगी का गप्प बसली ते तेव्हा कळलं. तोंडावर आलेलं मी गिळलं.

"न्हाई मंगल. ती एक शब्द बोलली न्हाई. मीबी बोलणार न्हाई. पोरगं तुमचं हाय."

शिवा अंगावर आला. "मग आलास कशाला?"

"बसायला."

बसलो. शिवा दारापर्यंत जायचा, परत यायचा. मंगल पाय चोळत होती, चोळतच होती. अवयवांचं विचारणाऱ्या त्या बाई एकदा डोकावल्या आणि परत गेल्या. मंगल उठली असती आणि मला हाकलून दिलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं.

मग तीच बोलली. "आक्का एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टाकायची. म्हणायची, मंगल, कुणीतरी मरंल तवा मी जगणार. आसलं देवाजवळ मागू कसं?" पाय सोडला आणि शिवाकडं वळली. "तिनं मागितलं न्हाई. आपुन दिऊ."

शिवा भिंतीला टेकून खाली बसला. सही मंगलनं आधी केली.

तेराव्याला वैशाली गावी आली. अंगणातच उभी राहिली. शिवा पाठ करून मंडपाची दोरी बांधत होता. मंगलनं विचारलं, "विक्रमचं तू बसवलंस का गं?"

"कुणाचं कुणाला, ते सांगता येत नाही काकी."

"नको सांगू. नीट शिवत्यात न्हवं?"

"जपून शिवतो काकी. लय जपून."

मंगलनं तिचे हात घेतले, उलटे-सुलटे करून बोटं बघितली. शिवानं पाठ न वळवता हाक मारली, "पोरीला आधी वाढा. लांब जायाचंय तिला."

मी पुन्हा सांगलीला आलो. लिफ्ट तीच, वॉचमन तोच. गाव माझं त्या दवाखान्यात 'द्या' या एका शब्दानं सुटणार होतं. पोरीनं तो शब्द आधी गिळला, म्हणून मला अजूनही दोन घरं आहेत.