ओवाळणीतली गाडी

काशीबद्दल अंबरनाथमध्ये दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि दोन्ही खोट्या आहेत. एक, जुनी मोटार तिच्या नवऱ्याने दुरुस्त केली, काशी आपली हाताखाली होती. दुसरी, त्या मोटारीपायी तिने सख्खा भाऊ तोडला. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. म्हणून हे लिहिते आहे, आणि रागातच लिहिते आहे.

कानसईत आमच्या बंगलीला लागून बैठ्या खोल्यांची रांग होती. कडेच्या खोलीत काशी आणि सदू मुलीला घेऊन राहायचे. सदू फॅक्टरीत फिटर. काशी घरात मशीनवर बसून उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांसाठी खिसे शिवायची आणि आठवड्याला गठ्ठा डोक्यावर घेऊन तिथल्या कॅम्पात पोचवायची. तिचं माहेर चामटोलीचं, बदलापूरच्या पुढे. वडील भगवंत गवताचे व्यापारी. मुंबईच्या तबेल्यांना त्यांचं गवत जायचं. एक पारशी तबेलेवाला देश सोडून निघाला तेव्हा जाताना आपली छत्तीस सालची ऑस्टिन त्यांना देऊन गेला. आठवडी बाजाराला भगवंत त्या गाडीतून बदलापुरात यायचे आणि शेजारी काशी बसलेली असायची. भाऊ हरिचंद्र बसायचा नाही, त्याला पेट्रोलच्या वासाने उलट्या व्हायच्या. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे याच माणसाने बापाच्या गाडीवरच्या प्रेमाच्या गोष्टी केल्या.

वडील गेले आणि गाडी पेंढ्याच्या पडवीत जाऊन पडली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

मग चौऱ्याऐंशी साल आलं. बदलापुरात बिल्डर जमिनी बघत फिरायला लागले होते आणि हरिचंद्रला जमिनीचं खातं एकट्याच्या नावावर करून घ्यायचं होतं. त्यासाठी बहिणीचं हक्कसोड पाहिजे. दिवाळीनंतर सही करायची ठरली, म्हणून भाऊबिजेला भाऊराय भलतेच खुशीत होते. पाटावर बसून, सगळी भावकी समोर असताना त्याने विचारलं, "बोल काशे, या साली ओवालनीला काय पायजे? मागशील ते देतो."

काशी म्हणाली, "बाची गारी दे."

सगळं घर हसलं. हरिचंद्रची बायको मोतीबाई म्हणाली, "मंग आमच्या कोंबऱ्या कुठं बसवू?" हरिचंद्र पाटावरूनच ओरडला, पडवीतल्या खुंटीवरची गंजकी किल्ली आणवली आणि सगळ्यांना दाखवून काशीच्या ताटात टाकली. वर म्हणाला, "घे, मोटारवाली झालीस."

पुढच्या आठवड्यात काशीने रजिस्ट्रार कचेरीत सही केली. वडिलांची सगळी जमीन, नदीकाठचं शेत धरून, भावाच्या नावावर. मी तिला आदल्या दिवशी हजार वेळा सांगितलं होतं, सही करू नकोस. ती म्हणाली, "बाई, सही नाय केली तर माहेर तुटतं." माझ्या स्वतःच्या नणंदांनी अशाच सह्या केल्या होत्या आणि त्याबद्दल मीच त्यांना चांगल्या म्हणत होते. सही करणारी ती चांगली, न करणारी ती कैदाशीण. हा हिशेब कोणी लावला ते मला माहीत नाही, पण लावणारी बाई नव्हती एवढं नक्की.

गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली. ठेवायला जागा नव्हती, म्हणून आमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमधली लाकडं मी बाहेर काढवली. पहिल्या दिवशी तिच्यातून पेंढा, अंड्यांची टरफलं, एक मेलेली घूस आणि भगवंतांची टोपी निघाली. काशीने टोपी धुतली आणि शेडमधल्या खिळ्याला लावली.

तिला काही येत नव्हतं, हे मी स्पष्ट लिहिते. जन्मजात कारागीर वगैरे ती नव्हती. इंजिन जाम झालेलं होतं. सदू म्हणाला हातोडा मारू. तिने एकदा मारूनही पाहिला आणि एक बोल्ट मुळातून तुटला. त्या दिवशी ती जेवली नाही. मग कॅम्प दोनमध्ये जुन्या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या वाधूमलकडे ती गठ्ठा पोचवून येता-येता शिरली. त्याने आधी तिला हाकललंच. "बाई, पति को भेजो." ती दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेली, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा. शेवटी वैतागून त्याने सांगितलं, सिलिंडरमध्ये रॉकेल आणि तेल घालून ठेव आणि रोज समोरून इंजिन फिरवायच्या हँडलवर थोडा जोर दे, मारामारी करू नकोस. काशी रोज सकाळी पाणी भरून झालं की शेडमध्ये जाऊन हँडलवर झुकायची. पावसाळा आला, गणपती गेले. नवरात्रात एका सकाळी हँडल हललं, आणि ती माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसती उभी राहिली. मला वाटलं कोणी गेलं.

पुढची वर्षं अशीच गेली. बॉडीच्या आतल्या लाकडाला वाळवी लागली होती. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला एक सुतार ते सागवानात करून द्यायला तयार झाला. सीटच्या खोळी तिने स्वतः शिवल्या, जीन्सच्या जाड सुईने, आणि पहिली उलटी शिवली म्हणून पूर्ण उसवली. ब्रेकच्या केबल वाधूमलने बनवल्या. तोपर्यंत तोही नादाला लागला होता आणि "मेरी गाडी कैसी है" म्हणून विचारायचा. लोकांना सवडीचे छंद असतात. काशीला सवड नव्हती. खिसे कमी शिवून ती छंद करत होती, आणि तिचं तोंड त्या वेळी जितकं शांत असायचं तितकं मी इतर कुठे पाहिलेलं नाही.

बायका मात्र मला येऊन विचारायच्या, ती गाडीखाली झोपते ते बरं दिसतं का हो? पुरुष यायचे, शेडच्या दारात उभे राहायचे, आणि हातात पाना घेतलेल्या काशीला ओलांडून सदूला विचारायचे, "कार्बोरेटर साफ केलात का?" सदू भला माणूस, पण भिडस्त. तो "हो, केला" म्हणायचा. एका स्थानिक साप्ताहिकात फोटो छापून आला, सदू बॉनेटवर हात ठेवून, आणि खाली 'श्रीयुत सदू यांची अनोखी साधना'. फोटोच्या कडेला काशीचा कोपर होता. मी संपादकांना पत्र लिहिलं, ते त्यांनी छापलं नाही. काशी म्हणाली, "जाऊ द्या बाई, गारीला माहिताय." मी कसली जाऊ देते. त्या संपादकांकडे मी नंतर हळदीकुंकवाचीही बातमी पाठवली नाही.

नव्वद साली गाडी शेडबाहेर आली. काशीने लायसन काढलं होतं. काळ्या गाडीत नऊवारी नेसलेली बाई स्टिअरिंगवर, शेजारी मी, आणि आम्ही शिवमंदिरापर्यंत जाऊन आलो. रिक्षावाले बाजूला होऊन बघत होते. मला त्या दिवशी फार आनंद झाला आणि तो मी लपवला नाही.

आता हरिचंद्रकडे वळते. जमीन विकून त्याचा बंगला झाला होता, दाराशी नवी मारुती होती. ब्याण्णवच्या मे महिन्यात त्याच्या मुलाचं लग्न निघालं आणि त्याला वरातीला बापाची गाडी पाहिजे झाली. काशीने आनंदाने कबूल केलं. भाच्याची वरात, आत्या गाडी चालवणार, असं तिने धरलं होतं. हरिचंद्र म्हणाला, "नवऱ्याच्या गारीवर बाईमानूस? लोक काय बोलतील? तू मांडवात बस, माझा डायवर हाय."

तिने वाधूमलच्या शेजारच्या टपरीवरून किल्लीची डुप्लिकेट बनवून घेतली आणि ती भावाला दिली. गंजकी मूळ किल्ली तिने कोणालाच कधी दिली नाही, ती तिच्या कनवटीला असायची.

त्या वरातीला मी होते. बँडवाली पोरं मडगार्डवर उभी राहून नाचत होती. हारांच्या तारा दरवाज्यांना आवळून रंग खरवडला होता. नारळ चाकाशी फोडायचा असतो, तो एका प्यायलेल्या शहाण्याने बॉनेटवर फोडला. काशी मांडवातून उठली, तर मोतीबाईने तिला हात धरून खाली बसवलं. म्हणाली, "आता अक्षता पडतील, आत्यानं उठू नये." आणि काशी बसली. माझ्या हातातल्या अक्षतांचा मी चुरा केला होता.

लग्न झालं, पूजा झाली, गाडी परत येईना. काशीने सदूला पाठवलं. सदू मटण खाऊन परत आला. मग ती स्वतः गेली, मी सोबत. गाडी बंगल्याच्या फाटकाशी दिमाखात उभी होती, बॉनेटवरचा पोचा तसाच. हरिचंद्र झोपाळ्यावर होता.

"गारी बाची हाय," तो म्हणाला. "कागद बाच्या नावावर. आनि बाच्या सगल्यावर तू सही केलीस."

काशी म्हणाली, "तू ती ओवालनीत टाकली."

"गंमत होती ती. भंगार होतं तवा दिलं."

भंगार होतं तेव्हा दिलं. हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. पाच-सहा वर्षं एका बाईने आपले हात काळे करून घेतले, आणि ते हात या माणसाला दिसलेच नाहीत. वाटलं त्याला झोपाळ्यावरून खाली ओढावं. काशी मात्र उठली, मोतीबाईला "येते" म्हणाली आणि निघाली.

त्या दिवाळीत भाऊबिजेला ती माझ्याकडे आली. अंगावर नवी साडी. म्हणाली, "बाई, माझ्यासंगं चला. ताट धराया कुनी पायजे."

चामटोलीत सगळ्यांना बरं वाटलं. बहीण आली, राग गेला. हरिचंद्र टोपी घालून पाटावर बसला, भोवती भावकी जमली. त्याने आणलेली पैठणी बाजूला दिसेल अशी ठेवली होती. काशीने कुंकू लावलं, अक्षता लावल्या. मग सुपारी आणि अंगठी ओवाळायची असते. तिने सुपारी घेतली आणि कनवटीची किल्ली काढली. अंगठीच्या जागी ती गंजकी किल्ली तिने भावाच्या तोंडावरून ओवाळली, सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी. किल्ली पुन्हा ताटात ठेवताना वाजली. ज्यांनी चौऱ्याऐंशीत ती वाजलेली ऐकली होती, त्यातले बरेचजण तिथेच होते. कोणी हसलं नाही.

हरिचंद्र उठायला लागला. काशी म्हणाली, "बस. निरांजन राह्यलंय. अर्ध्यावर उठत नाय."

आणि ती किल्ली घेऊन बाहेर गेली. ताट माझ्या हातात, निरांजन जळतंय, आणि मी तिच्या मागे. आत हरिचंद्र "उठू दे मना" म्हणत होता आणि मोतीबाई त्याचे खांदे दाबून "अपशकुन नका करू" म्हणत होती. काशीने फाटक उघडलं, गाडीला निरांजन ओवाळलं, बॉनेटवरच्या पोच्याला कुंकू लावलं. पुढे जाऊन हँडल मारलं. ड्रायव्हर रोज चालू करत असल्यामुळे इंजिन लगेच लागलं. आम्ही निघालो तेव्हा हरिचंद्र अजून पाटावरच होता. निरांजन पहिल्याच वळणावर विझलं.

हरिचंद्र गाडी न्यायला आला नाही. मोतीबाईने म्हणे शपथ घातली, ओवाळणी परत आणली तर घराला बाधेल. पण त्याने चामटोलीत सांगून टाकलं, मला बहीण नाही. काशीच्या मुलीच्या लग्नाला माहेरचं एक माणूस आलं नाही, मामाची जागा सदूच्या मित्राने भरली. आणि आमच्या आळीतल्या बायका म्हणायला लागल्या, बघा, गाडीसाठी भाऊ तोडला. नदीकाठच्या शेतासाठी त्याने बहीण तोडली, असं एकीच्याही तोंडून आलं नाही. मी प्रत्येकीला हे ऐकवलं आहे. त्यामुळे माझ्याकडेही आता कमी जणी येतात, आणि माझं काही अडत नाही.

ज्या बाईला भाऊ नसतो, ती भाऊबिजेला चंद्राला ओवाळते. त्र्याण्णवपासून काशी शेडसमोर उभी राहून बीजेच्या कोरीला ओवाळते. मागच्या वर्षी खोल्यांमध्ये नव्याने राहायला आलेल्या सुनेत्राने ते पाहिलं आणि सहज विचारलं, "मावशी, तुम्हाला भाऊ नाही का?"

काशी ताट तसंच धरून म्हणाली, "हाय ना. चामटोलीत हाय."