गरमीची टेस्ट

तुम्ही म्हणाल, रक्त तपासणाऱ्याकडे कसले आलेत किस्से? अहो, साठच्या दशकात मालवणात आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत मी लॅब सांभाळायचो. बोट टोचून घेताना माणसं जे बोलतात ते घरी बायकोलाही सांगत नाहीत. नळ्या धुवून संपायच्या, किस्से मात्र साचतच राहायचे!

*

ईएसआर ही रोजची टेस्ट. रक्त उभ्या नळीत भरायचं आणि तासाभरात लाल भाग किती खाली बसतो ते मोजायचं. जास्त बसला तर शरीरात कुठेतरी सूज आहे, एवढंच ती सांगते. मासेमारी होडीवरच्या एका तांडेलाचा आकडा आला नव्वद. रिपोर्ट घेऊन गडी थेट शाळेतल्या मास्तरांच्या पडवीत.

"मास्तर, माका शंभरात नव्वद! तुमका किती?"

मास्तरांचा आला होता आठ. दुसऱ्या दिवशी बिचारे माझ्यासमोर हजर. "परत घे रे. काल माझी तयारी नव्हती!"

"एका आकड्यावरून माणूस ओळखायचा नाही," हे डॉक्टरांचं पालुपद. मास्तरांना पटलं, तांडेलाला नाही.

*

मिठबावची सुनंदा आली तेव्हा मात्र आमचं हसू पळालं. वय बाविशीचं, सांधे सुजलेले, ताप उतरेना. डॉक्टरांनी रक्त घाटावरच्या मोठ्या लॅबकडे पाठवलं. उत्तर आलं: कान टेस्ट पॉझिटिव्ह.

या टेस्टचा कानाशी संबंध नाही. ही गरमीची टेस्ट. गरमी म्हणजे बाहेरख्यालीपणातून होणारा रोग, चारचौघांत नाव काढायची सोय नाही. सुनंदाचा नवरा कचेरीत कारकून, कायम शुद्ध मराठी बोलणारा. त्याला अर्थ बरोबर ठाऊक होता.

"हिची ट्रंक बांधून ठेवली आहे," तो डॉक्टरांना म्हणाला. "उद्या माहेरी पोचवतो."

सुनंदा खाली मान घालून रडत होती. सासूला काहीच कळेना. "अरे, पण झाला काय तिका?"

कंपाउंडर हळूच म्हणाला, "गरमी."

"मगे? मी पयल्यापासून काय सांगतंय? तिका गरमीच आसा! उनात गेली काय दोनय गाल लाल!"

नवऱ्याने कपाळावर हात मारला. डॉक्टर मात्र खुर्चीतून उठले. "आजी, परत सांगा. उन्हात गेली की काय होतं?"

*

डॉक्टरांनी पुस्तक काढलं. ल्युपस नावाचा आजार. रक्तातले शिपाई परक्याला सोडून आपल्याच अंगावर हात टाकतात. सांधे धरतात, उन्हाने गाल लाल होतात, आणि गरमी नसतानाही ती टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते!

खात्रीसाठी एलई सेल शोधायचा. त्याला गोठलेलं रक्त बारीक जाळीतून घासून काढावं लागतं. आता जाळी आणायची कुठून?

"माझी चहाची गाळणी खंय गेली?" दुपारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तपासणीला पाठवली आहे," डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी चहा पंच्यातून गाळला.

*

लॅबमध्ये वीज नव्हती. खिडकीच्या उजेडात मायक्रोस्कोप लावून बसलो. तिसऱ्या स्लाइडवर तो दिसला: एक पेशी, पोटात गिळलेला जांभळा गोळा. पुस्तकात होता अगदी तस्सा! खोटं कशाला बोलू, छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी होतं.

डॉक्टरांनी नवऱ्याला बोलावून तो सेल दाखवला. "गाल, सांधे, हा सेल, सगळं एकत्र वाचलं तर हा ल्युपस आहे. ही गरमी नव्हे. तुमची बायको निर्दोष आहे. औषध द्यायचं आणि ऊन टाळायचं."

तो बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला. मग उठून घरी गेला. त्याच संध्याकाळी ट्रंक सोडली, हे सासूकडून कळलं.

*

दोन महिन्यांनी भर बाजारात तिघं दिसली. सासू स्वतः उन्हात, छत्री सुनेच्या डोक्यावर. मासळीवालीने चिडवलंच, "गो, सुनेची चाकरी करतंस काय?"

सासू ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या सुनेक गरमी आसा! डॉक्टरांनीच सांगल्यांनी!"

ज्यांना दुसरा अर्थ ठाऊक होता ते हातातली सुरमई तशीच धरून थांबले. सुनंदाने नवऱ्याकडे पाहिलं.

त्या शुद्ध मराठी बोलणाऱ्या कारकुनाने आईच्या हातून छत्री घेतली, बायकोच्या डोक्यावर धरली आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"होय. माझ्या बायलेक गरमी आसा. मगे?"