सातव्या लेक्चरमधला माणूस

“माझ्या कोर्समध्ये हा माणूस कुणी घुसवला?”

आवाज कर्णिक मॅडमचा. आमचं ऑफिस नारायण पेठेत. पण मॅडमचा सूर लागला की तो खडकवासला धरणाच्या भिंतीवर आपटून परत येतो. त्या दिवशी दोनदा आला.

स्क्रीनवरचा तो माणूस मीच होतो.

माझं काम कॉलेजच्या ऑनलाइन कोर्सचं मेंटेनन्स. कोर्स तयार करणं म्हणजे बारसं. त्यानंतर वर्षानुवर्षं लंगोट बदलणं म्हणजे मेंटेनन्स. बंद पडलेल्या लिंक बदला, क्विझमधली चुकलेली उत्तरं दुरुस्त करा, कायदा बदलला की स्लाइड बदला. पेढे मात्र बारशालाच वाटतात. मॅडमनी करांवरचा बारा लेक्चरचा कोर्स एकदाच रेकॉर्ड केला, बक्षीस घेतलं, आणि पहिल्या पानावर त्यांचा हसरा फोटो लागला. पुढे पाच वर्षं तो कोर्स जिवंत ठेवला मी, आणि रोज सकाळी लॉगिन केलं की दर्शन त्या फोटोचं. पोटात अशी आग पडायची की तिच्यावर अख्ख्या ऑफिसचा चहा झाला असता.

मला त्या पानावर माझा फोटो हवा होता. मॅडमच्या शेजारी. जरा मोठा असता तरी माझी हरकत नव्हती.

संधी सरकारनं दिली. एक नियम बदलला आणि सातवं लेक्चर चुकीचं ठरलं. मी मॅडमना म्हटलं, “दोनच वाक्यं पुन्हा रेकॉर्ड करू. फक्त तीच मोरपंखी साडी नेसून या, म्हणजे जोड दिसणार नाही.”

“ती भांडीवालीला दिली. चांगली मोठी कढई आली.”

आता बोलता बोलता मध्येच साडी बदललेली मॅडम कशी दाखवायची? मी कोट चढवला आणि अख्खं सातवं लेक्चर स्वतःच रेकॉर्ड करून अपलोड केलं. परवानगी घ्यायची तेवढी राहिली.

म्हणून त्या दिवशी ही मीटिंग. आमचे विभागप्रमुख साठे सर मॅडमच्या आणि माझ्या मध्ये बसले होते.

“अहो, विचारलं का नाहीत?”

“सर, आधी रिपोर्ट बघा.”

रिपोर्ट म्हणजे कुणी कुठला व्हिडिओ किती वेळ पाहिला याची नोंद. मॅडमची लेक्चरं चौथ्या मिनिटाला ओस पडत होती. माझं मात्र शेवटच्या नमस्कारापर्यंत प्रत्येकानं पाहिलं होतं. मॅडम ते आकडे पुन्हा वाचू लागल्या. मला सनई ऐकू आली.

“फोटोचं तेवढं बघा, सर,” मी म्हटलं. “खिशातच आहे.”

सर जुने पुणेकर. कागदावर त्यांचा विश्वास नाही, आणि माझ्यावर त्याहून नाही. त्यांनी यादीतला एक नंबर काढून स्पीकरवर फोन लावला. धायरीची अश्विनी, नोकरी करून शिकणारी.

“सातवं लेक्चर पूर्ण पाहिलंत. काय आवडलं?”

“कोटवाल्या सरांचं हाय ते?” ती म्हणाली. “सर, बाकीची पुढं ढकलता येत्यात. हे ढकलताच येत नाय. आन् संपल्याबिगर क्विझ उघडत नाय.”

खरं होतं. व्हिडिओ पुढे सरकवायची सोय मी एका क्लिकनं बंद केली होती. मेंटेनन्सवाल्याच्या हातात सत्ता म्हणतात ती एवढीच.

सरांनी फोन ठेवला. “व्हिडिओ राहू द्या, माहिती बरोबर आहे. चेहरा काढा, आवाज ठेवा. फोटो घरी न्या.”

त्या दिवशी मी एक शिकलो. आपली युक्ती मीटिंगमध्ये उघडी पडली की ती आपली राहत नाही.

मॅडमच्या गडगडाटाची वाट पाहत मी मान खाली घालून बसलो होतो. त्यांनी शांतपणे पर्स उचलली.

“ते क्लिक माझ्या अकरा लेक्चरनाही करून ठेवा.”