रुद्राणी जिकडं जायची

मानवतच्या वाणी गल्लीत एखादी बाई गेली की पहिला निरोप शांतम्माला जायचा, मग जंगमस्वामींना, आणि मग लेकीबाळींना. मयताच्या घरी रडणाऱ्या पुष्कळ असतात, पाणी तापवणारी एखादीच. लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून, भिंतीला टेकवून, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग देऊन बसवतात आणि तसंच बसलेलं समाधीला नेतात. पण हे अंग ताठायच्या आत व्हावं लागतं. शांतम्मा पदर खोचून आत शिरायची, "आधी गुडघे धरा," म्हणायची, आणि तिच्या शब्दापुढं कुणी जायचं नाही. आपल्यात सुतक नाही, असं स्वामी सांगतात. बायका माना डोलावतात आणि बारशाला शांतम्माला बोलवायचं नेमकं विसरतात. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. निदान ती तसं म्हणायची.

गेल्या वर्षी तिचा नवराच गेला. ईश्वरअप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान. तिथंच छातीत कळ आली. लेक रुद्राणी परभणीला कृषी विद्यापीठात शिकत होती. निरोप मिळताच ती एसटीत बसली, आणि मेली एसटी वाटेतच बंद पडली. गल्ली शांतम्माच्या तोंडाकडं बघत होती. थांबावं तर अंग ताठणार, आणि ताठलेल्या अंगाला बसवताना काय करावं लागतं, ते तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिनं काळजावर दगड ठेवला आणि म्हणाली, "बसवा."

रुद्राणी आली तेव्हा तिचे आप्पा विभूती लावून, हारांत झाकून बसलेले होते. "झोपल्यावानी तरी बघू द्यायचं होतंस मला," एवढंच ती आईला म्हणाली. पुढं ती परभणीला गेलीच नाही, आणि घरात कामापुरतं बोलू लागली.

मग शिफ्टिंगचं खूळ मोबाइलमधून आलं. जग एकच नाही, पुष्कळ आहेत. आपल्याला हवं ते मनात नीट ठरवायचं, निश्चल बसायचं आणि निघून जायचं. अंग इथं, जीव तिकडं. पोरंपोरी व्हिडिओत हे असं सांगतात, जसं काही परभणीहून जिंतूरला जायचंय! रुद्राणीनं आईपासून लपवलं नाही. "आप्पा गेलेच न्हाईत, अशा जगात मी जायलेय," ती म्हणाली.

रोज दुपारी ती माजघरात बसायची. कशावर तरी नजर ठेवावी, असं व्हिडिओत सांगतात. तिला लहानपणी आप्पांनी इष्टलिंगाची पूजा शिकवली होती. तिनं तेच धरलं. भिंतीला पाठ, मांडी, डाव्या तळहातावर लिंग. पाहून शांतम्मा हातातलं काम टाकून उठायची.

"आडवी हो, पालथी पड, कशी बी ऱ्हा," ती कळवळून सांगायची. "पण अशी बसू नको गं बाई."

"मला असंच जमतंय."

आणि पोर परतायला दिवसेंदिवस उशीर लावत होती. आधी हाक मारली की डोळे उघडायची. मग हलवावं लागायचं. एक दिवस ही तिकडंच राहील, या धास्तीनं शांतम्माला घास गिळवत नव्हता. शिवाय एक गोष्ट ती कुणालाच सांगणार नव्हती: तिला लेकीचा हेवा वाटायचा. हिला ते भेटतात. मला नाही.

श्रावणातला सोमवार होता. रुद्राणीनं कडक उपास धरलेला. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. शांतम्मा बाजारातून परतत होती, तेवढ्यात शेजारच्या तानुबाईची किंकाळी गल्लीभर ऐकू आली.

"शांतम्मा, पळ गं! पोरगी गेली!"

रुद्राणी भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे, हात गार. हाक मारली, गालावर मारलं, काही नाही. शांतम्मानं नाकाखाली बोट धरलं, पण तिचंच बोट बधिर झालेलं; श्वास लागतोय की नाही, कळेना. बायका जमल्या, तानुबाईची सून राजेश्रीही आली. कुणीतरी विभूती आणली.

"बसलेलीच गेली. लय पुण्यवान पोर," तानुबाई डोळे पुसत म्हणाली. "पाठ बांधून घे, मान पडंल."

शांतम्माच्या हातात पांढरं फडकं आलं. आणि त्या हातांना आग लागो, ते कामाला लागले! काखेखालून फडकं गेलं, गाठीचा पहिला वेढा पडला. तेवढ्यात रुद्राणीची मान कलून आईच्या खांद्यावर आली. मऊ, सैल. नुकतं गेलेलं माणूसही असंच सैल असतं, हे शांतम्माला ठाऊक होतं. तरी तिनं फडकं भिरकावून दिलं.

"न्हाई बसवणार."

"अगं, ताठल्यावर काय करशील?"

"ताठू द्या! माझी लेक हाय, मी थांबणार. राजेश्री, उभी काय ऱ्हायलीस? डॉक्टरला आण!"

तिनं पोरीला मांडीवर आडवं घेतलं, तळपाय चोळू लागली. "रुद्रे, ये गं माघारी. त्यास्नी सांग, आई बोलवायलीय. सोडतील ते." ती चोळत राहिली, बोलत राहिली. गल्लीवर हुकमत चालवणारी ती बाई त्या घडीला नुसती भेदरलेली होती.

डॉक्टर उंबऱ्यात आला आणि पोर कण्हली. "पाणी."

तानुबाईनं विभूतीची वाटी हळूच पदराआड केली. उपाशी पोटी भोवळ आली होती, डॉक्टर म्हणाला; साखरपाणी पाजायला लावून, आईला चार शब्द सुनावून तो गेला. बायकाही पांगल्या. रुद्राणीची नजर जमिनीवरच्या फडक्यावर पडली.

"मला बसवायलीस व्हय, आई?"

"गाठ मारायले व्हते," शांतम्मा म्हणाली. खोटं बोलायचं त्राण तिच्यात नव्हतं. मग वर्षभर ओठाशी अडलेलं तिनं विचारून टाकलं, "कसे हायत गं ते तिकडं?"

रुद्राणीनं ते फडकं ओढून जवळ घेतलं.

"भेटतच न्हाईत, आई. दुकान उघडं असतंय. चष्मा गल्ल्यावर असतोय. गिऱ्हाइकं म्हणतेत, आत्ताच उठून गेले, येतील. मी बसते वाट बघत."

"मग एवढा येळ कशाला थांबतीस, बाई?"

"मी उठून आले, अन् मागून आप्पा आले तर?"

शांतम्माला हुंदका आवरेना. ही त्यांच्याजवळ बसते म्हणून आपण जळत होतो, आणि पोर तिथंही एकटीच होती. तिनं लेकीला कवटाळलं, आणि ईश्वरअप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.